अस्तरावरचा कॅल्क्युलेटर

जैन स्थानकात बायकांच्या बाजूनं पहिला हात वर गेला तो राजमतीबाईंचा. आणि तो एकटा गेला नाही. शेजारी बसलेल्या सुनेचं मनगट धरून, तिचाही हात सोबत घेऊन गेला.

साध्वी महासतीजींनी विचारलं होतं एवढंच, की पर्युषणाचे आठ दिवस मोबाईलला हात लावणार नाही, असा नियम कोण कोण घेतं? अन्नाचा उपास ज्याला झेपेल त्यानं करावा, पण हा उपास तर तरुणांनाही झेपेल, असं म्हणून त्या हसल्या होत्या. साऱ्या बायका माना वळवून तरुण कोण ते शोधायला लागल्या आणि त्यांना जिनल सापडली. मांडीवर चौदा महिन्यांची निर्वी झोपलेली, डावा हात तिच्या डोक्याखाली, उजवा सासूच्या मुठीत, हवेत.

"घेतं ना, जिनल?" राजमतीबाई पुटपुटल्या. त्यांचं विचारणं म्हणजे सांगणंच असायचं.

नाही म्हणायला वेळ होता. जिनल एम.कॉम. झालेली, लग्नाआधी पुण्याच्या कंपनीत नोकरी केलेली बाई. निर्वीच्या तापाचं औषध एक थेंब जास्त पडलं तर डॉक्टरांना तीनदा विचारणारी. पण चार लोकांनी एकदम तिच्याकडे पाहिलं की तिची जीभ टाळूला चिकटायची, आणि मान आपली आपण हलायची. तशी ती हलली. महासतीजींनी पच्चक्खाणाचे, म्हणजे नियम देण्याचे, शब्द म्हटले, जिनलनं हात जोडले, आणि नियम लागला.

दुपारी नियम घेतलेल्यांचे फोन तूरडाळीच्या रिकाम्या डब्यात गेले. डबा गेला स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत वरच्या फळीवर. झाकण राजमतीबाईंनी स्वतः दाबून लावलं.

"आठ दिवस घरात शांती," त्या म्हणाल्या. "नाईतं आमची सूनबाई म्हनजे डोकं फोनात अन् धड घरात."

त्या फोनात काय आहे ते घरात नवऱ्याशिवाय कोणालाच धड माहीत नव्हतं.

फोनात एक जुना कॅल्क्युलेटर होता. म्हणजे त्याचं सोंग घेतलेलं अॅप. आडवं, तपकिरी, कडेला सोनेरी पट्टी. बँकेतले मोठे साहेब एके काळी शर्टाच्या खिशात ठेवायचे, त्या यंत्राचं रूप जसंच्या तसं पडद्यावर उतरवलेलं. फोन आडवा धरला की पडदाभर बटणं, आणि बटण दाबलं की बारीकशी 'टिक'. बरोबरचं चिन्ह त्या यंत्रात नव्हतंच. आधी एक आकडा, मग एन्टर, मग दुसरा आकडा, आणि सगळ्यांत शेवटी सांगायचं की यांची बेरीज करू का भागाकार. सुरुवातीला जिनलला ते डाव्या हातानं जेवल्यासारखं वाटलं होतं. आता दुसरा कुठला कॅल्क्युलेटर हातात आला तर तोच परका वाटायचा.

पुण्याच्या जुन्या कंपनीनं शब्द दिला होता, की वित्ताचा एक मोठा पेपर आहे, तो पास हो, मग घरी बसून काम कर. जागा दिवाळीपर्यंत ठेवतो. पेपर अकोल्याला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाच्या, म्हणजे संवत्सरीच्या, दुसऱ्याच दिवशी, रविवारी. त्यात वेळ असा तंग, की बटणं शोधत बसला तो मागे राहिला. फोन आत नेताच येत नाही. ते जुनं यंत्र खरंखुरं हातात हवं. नवऱ्यानं, नमननं, ते मागवलं होतं, पण पत्ता भरताना घाईत त्यानं नाशिककडच्या मालेगावचा पिनकोड टाकला. पार्सल तिकडे जाऊन परत गेलं, आणि दुसऱ्यांदा मागवायला गेला तर माल संपला होता. वाशीमच्या मालेगावात राहणाऱ्यांना यात काही नवल वाटत नाही. त्यांच्या लग्नपत्रिकासुद्धा तिकडचं गाव पाहून आलेल्या असतात. शेवटी जिनलची कॉलेजातली मैत्रीण अफ्रीन मदतीला आली. ती हा पेपर दोन वर्षांपूर्वीच पास झालेली, पुण्यात नोकरीला, आणि त्या शनिवारी माहेरी अकोल्याला येणार होती. स्वतःचं यंत्र ती परीक्षेच्या सकाळी गेटवर आणून देणार होती.

तोवर बोटांना वळण लावायचं ते अॅपवरच. निर्वीला पाजताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, जेवढा वेळ एक हात मोकळा असेल तेवढा वेळ. घरच्यांना त्यातलं दिसायचं एवढंच, की सून फोन आडवा धरून अंगठा चालवते आहे.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी जिनल निर्वीला खांद्यावर घेऊन थोपटत होती. थोपटता थोपटता तिची बोटं लेकीच्या पाठीवर चालायला लागली. आठ, शून्य, एन्टर, मग बारा, मग भागाकार. निर्वी अर्धवट झोपेत कुरकुरली.

"काय करून राह्यली वो पोरीच्या पाठीवर?" दारातून आवाज आला.

"थोपटते आहे, मम्मीजी."

"असं कोनी थोपटते? हे तं पोस्टातून तार करून राह्यली."

जिनलला हसू आलं आणि त्यापाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. निर्वीला गादीवर ठेवलं, दोन्ही बाजूंनी उशा लावल्या, श्वास नीट चालला आहे ना ते नेहमीप्रमाणे वाकून पाहिलं, आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं. अॅप, पेपर, अंगठा.

राजमतीबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "म्हनजे तू चॅटिंग नोती करत?"

"कोणासोबत करू, मम्मीजी? अफ्रीन सोडली तर मैत्रिणींना मी सहा महिन्यांत उत्तरं दिली नाहीत."

"मले वाटे, पेपर पुस्तकातून असते. मंग स्थानकात काहून नाई बोलली?"

"सगळे पाहत होते."

"मी होती ना बाजूले."

"तुम्ही तर हात धरला होता."

राजमतीबाईंनी पदर नीट केला, जो नीटच होता.

रात्रीचं जेवण सूर्यास्ताच्या आत व्हायचं. त्या दिवशी ताटावरच वाद रंगला. सासरे नथमलजी यांनी स्वतः नियम घेतला नव्हता, कारण दुकान चालवायचं होतं, आणि म्हणून त्यांना मोकळेपणी बोलता येत होतं.

"तिनं फोन सोडला, कॅल्क्युलेटर नाई सोडला. सरळ गोष्ट हाय."

"तुमचा नियमच नाई, तुमी बोलू नका," राजमतीबाई म्हणाल्या. "पानी माठात राह्यते. माठाले हात न लावता पानी घेऊन दाखवा मले."

"माठाले तोटी बसवली तं?"

"तोटीले हात लागते ना!"

"मंग नमन तोटी धरीन, जिनल पानी पेईन. फोन त्यानं धरावा, बटन हिनं दाबावं."

"अन् नमनचा नियम मोडला त्याचं काय?" नमननं ताटातून मान वर न करता विचारलं. त्यानंही बायकोबरोबर लाजेकाजेनं हात वर केला होता.

शेवटी राजमतीबाई दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानकात जाऊन महासतीजींनाच विचारून आल्या. आल्या त्या जरा गोंधळूनच आल्या.

"त्या म्हने, मले काय इचारता? जिनं घेतला तिले इचारा. हात जोडले तवा तिच्या मनात काय होतं?"

सासरा आणि सासू, दोघंही जिनलकडे पाहायला लागले. वाट सोपी होती. माझ्या मनात फक्त गप्पा आणि व्हिडिओ होते, एवढं म्हटलं की डबा खाली आला असता. नथमलजी तर भुवया उंचावून तेच सुचवत होते. पण जिनलला तो क्षण लख्ख आठवत होता. हात जोडले तेव्हा डोळ्यांपुढे दुसरं काही नव्हतंच. ते तपकिरी यंत्रच होतं, आणि मनात होतं, की गेलं, आता आठ दिवस गेलं.

"तोच होता मनात," ती म्हणाली. "कॅल्क्युलेटरच."

नथमलजींनी कपाळाला हात लावला.

"मंग नियम तो नियम," राजमतीबाई म्हणाल्या. पण आवाजातली धार गेली होती.

घर वर आणि दुकान खाली. दुकान मॅचिंग सेंटर: ब्लाऊजची अस्तरं, साडीचे फॉल, लेस, चेन, आणि बटणांच्या बरण्यांची भिंत. त्या बरण्या म्हणजे जिनलच्या जिवाला घोर. निर्वी रांगायला लागल्यापासून जिन्याच्या दाराला तिनं दोन कड्या लावून घेतल्या होत्या. त्याच जिन्यानं दुपारी राजमतीबाई वर आल्या, त्या ओंजळभर बटणं घेऊन.

"बस. सांग कोनतं कुठं राह्यते."

काखेत तपकिरी अस्तराचा तुकडा होता आणि त्याच्याखाली घालायला बकरम, कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कडक कापड. जिनलला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती खाली बसली, डोळे मिटले, आणि सांगायला लागली. डाव्या कोपऱ्यात हे, त्याच्या शेजारी ते. राजमतीबाई शिंप्याच्या खडूनं खुणा करत गेल्या. साध्या बटणांना शर्टाची तपकिरी. एकाला सोनेरी रंग पाहिजे म्हटल्यावर त्यांनी शेरवानीचं काढलं, निळ्याला फ्रॉकचं. एन्टर उभं आणि मोठं असतं, असं जिनल म्हणाली, तर कोटाचं भलं थोरलं बटण आलं.

"मम्मीजी, दोरा पक्का ना? निर्वी सगळं तोंडात घालते."

"चार फेरे मारतो. हत्तीनं ओढलं तरी निंगनार नाई."

डावी बाजू होत आली तोच आत निर्वी रडत उठली. जिनल उठायला लागली. "उजवीकडे फक्त आकडे राहिलेत, ते—"

"जाय तू पोरीपाशी. आकडे मले कायले सांगतं? आकडे मले येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेचं ताट आणावं तसं ते यंत्र दोन्ही हातांवर धरून राजमतीबाईंनी सुनेपुढे केलं. अस्तर ताणून बकरमवर शिवलेलं, कडेला सोनेरी लेस. अक्षरं मार्करनं लिहिली होती, पण आकडे मात्र लाल दोऱ्यानं भरले होते, बारीक साखळी टाका. सासूच्या बोटाला पट्टी बांधली होती.

आणि वरच्या ओळीत होते एक, दोन, तीन.

जिनलच्या ते पाहता क्षणी लक्षात आलं. कॅल्क्युलेटरवर सात-आठ-नऊ वर असतात आणि एक-दोन-तीन खाली. फोनवर नेमकं उलटं. राजमतीबाईंनी जन्मभर आकडे दाबले ते फोनवर. दुकानातल्या कॅल्क्युलेटरला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. तिथला हिशेब त्या तोंडीच करायच्या, आणि नवऱ्याच्या आधी.

"कसं झालं?"

"छान."

"छान म्हनजे?"

"हुबेहूब," जिनल म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि राजमतीबाईंचा चेहरा असा फुलला, की तो परत घेण्याची सोय राहिली नाही. जिनलनं एकेक बटण ओढून पाहायला घेतलं, जणू तेवढंच काम राहिलं होतं. कोटाचं बटण तर तिनं दातांनी ओढलं.

"एवढी पक्की बटनं शर्टाले लावली असती," राजमतीबाई म्हणाल्या, "तं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दुकानातच आलं नसतं."

सराव खाली दुकानातच करायचा, असं ठरलं. म्हणजे राजमतीबाईंनी ठरवलं. काऊंटरच्या आतल्या बाजूला सतरंजी, त्यावर जिनल, तिच्यापुढे पुस्तक आणि यंत्र, आणि निर्वी शेजारच्या पाळण्यात, नजरेच्या टप्प्यात. किन्हीराजा गावच्या गोजराबाई अस्तर न्यायला आल्या होत्या. त्या काऊंटरवरून वाकल्या.

"हे काय वो राजमतीबाई, नवीन फॅशन?"

"यंत्र हाय. माही सून अभ्यास करून राह्यली."

"बटनावर?"

"नुसत्या बटनावर कायले? बँकेतले सायेब वापरत, ते यंत्र हाय हे."

"उत्तर कुठी दिसते मंग?"

"उत्तर तिच्या डोक्यात दिसते. तुमाले कसं दिसन?"

गोजराबाईंना ते पटलं. "मलेबी एक द्या. माहा नातू फोन मांगून मांगून जीव खाऊन राह्यला. त्याले देतो, म्हनतो घे, दाब."

"हे इकाऊ नाई बापा," राजमतीबाई म्हणाल्या. "हे एकच शिवलं. सुनीसाठी."

जिनलनं मान पुस्तकात आणखी खाली घातली. तेवढ्यात नथमलजी मापाची पट्टी घ्यायला तिच्या बाजूला आले. त्यांची नजर कापडावर गेली, मग गल्ल्याजवळच्या स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर, परत कापडावर. त्यांनी तोंड उघडलं. जिनलनं खालून त्यांच्याकडे अशा डोळ्यांनी पाहिलं, की ते उघडं तोंड त्यांनी खोकून बंद केलं.

गोजराबाई गेल्यावर ते हळूच म्हणाले, "सांगत काहून नाई तिले?"

"पप्पाजी, लाल दोऱ्यानं भरलंय."

"मंग पेपरातबी लाल शाईच दिसन."

जिनलनं मनाशी एक सोय लावली. संवत्सरीला सगळे एकमेकांची क्षमा मागतात. त्या दिवशी सांगू. मागायचीच आहे क्षमा, तर त्यात हीही. तोवर नुसता क्रम पक्का करू. आकडे काय, आकडे ऐन वेळी नीट जमतील.

आकडे जमले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी निर्वीला भरवताना तिनं सहज डोळे मिटले आणि ओट्यावर बोटानं आठ दाबायला गेली. बोट खाली गेलं, जिथे खऱ्या यंत्रावर दोन असतो तिथे. तिनं पुन्हा केलं. पुन्हा खाली. वर्षभर अॅपवर घोटलेलं होतं, ते ह्या कापडानं एका दिवसात पुसून टाकलं होतं. मऊ बटणं, हाताला येणारा त्यांचा गोल काठ. पडद्याच्या गुळगुळीत काचेपेक्षा ती बोटांना फार लवकर ओळखीची झाली होती. अजून दोन दिवस असाच सराव केला असता तर न केलेला बरा, असं झालं असतं. संवत्सरीला सासूची क्षमा मिळालीच असती. पण पेपर तपासणाऱ्यापुढे 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून हात जोडता येत नाहीत.

चमचा निर्वीच्या तोंडाजवळ तसाच राहिला. निर्वीनं वाट पाहून पाहून तो स्वतःच ओढून घेतला.

राजमतीबाई मागे परातीत बेसन मळत होत्या. पर्युषणात हिरवी भाजी बंद, म्हणून गट्टे. जिनलनं घसा साफ केला.

"मम्मीजी, एक सांगू?"

"सांग."

"ते आकडे उलटे लागलेत."

मळणारा हात थांबला. "कोनते?"

"सगळेच. म्हणजे मधली ओळ बरोबर आहे."

"फोनावर तं असेच राह्यते."

"फोनवर असेच. कॅल्क्युलेटरवर सात वर असतो."

राजमतीबाईंनी बेसनाचा गोळा परातीत ठेवला. "कवा समजलं तुले?"

इथेही एक सोपी वाट होती. आत्ताच समजलं, म्हणायचं. जिनल म्हणाली, "पाहिलं तेव्हाच."

"तवा तं हुबेहूब म्हन्ली."

"हो."

"यायले माईत हाय?"

"पप्पाजींना काल दिसलं."

"नमनले?"

"पप्पाजींनी सांगितलं असेल."

"वा! म्हनजे घरात निर्वी अन् मी, आमी दोघीच राह्यलो."

त्यांनी हात धुतले, पुसले आणि त्या खोलीबाहेर निघून गेल्या. पुढचं सगळं जिनलला दिसायला लागलं. आता त्या स्थानकात जाऊन बसतील, सणाच्या दिवसांत घरात अबोला होईल, आणि नमन म्हणेल की दोन दिवस थांबता नाही आलं का. तिनं निर्वीला उचलून छातीशी धरलं. काही झालं की ती आधी तेच करायची.

राजमतीबाई परत आल्या. नाकावर चष्मा, एका हातात ते यंत्र, दुसऱ्यात कात्री.

"बस इथी. मी उसवतो, तू ताणून धर."

"मम्मीजी, मी उसवते, तुमचं बोट—"

"तुले उसवता येत नाई, अस्तर फाडशीन. धर."

पहिला निघाला तो लाल एक. साखळी टाक्याचं एक टोक कापलं की आख्खा आकडा सर्रकन सुटून येतो. जिनलला ते पाहवेना.

"तोंड कायले पाडलं?" राजमतीबाई चष्म्यावरून म्हणाल्या. "दुकानात रोज कोनी ना कोनी उसवालेच येते. मले त्याचं नाई वाटलं. तू मले भेतं, त्याचं वाटलं."

"भीत नाही मी."

"मंग?"

"तुम्ही एवढं केलं, बोटाला लागलं. त्यावर चुकलं म्हणायचं म्हणजे…"

"मी केलं ते तू पास व्हावी म्हनून केलं. कौतुक करून घ्याले केलं का?" त्यांनी दोनचा दोरा ओढला. तो अडकला. त्यांनी तो नखानं सोडवला. "थोडं कौतुकबी पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या. "गोजराबाईसमोर झालं तेवढं पुरे."

जिनल हसली. हसता हसता तिनं नाक पुसलं. निर्वीनं तेवढ्यात सुटलेल्या लाल दोऱ्याला हात घातला, तो जिनलनं तिच्या मुठीतून सोडवून घेतला आणि परातीच्या पलीकडे ठेवला.

"अन् आता माह्यापाशी एक नियम घे," राजमतीबाई म्हणाल्या. "मी हात धरला, तरी नाई म्हनाचं. मले काय समजते तुह्या फोनात काय हाय अन् मनात काय हाय? तू बोलशीन तवा समजन ना."

"घेते."

"उगी मान नको हालवू. बोल."

"घेते म्हटलं ना!"

"हां. आता हे पाह्य." त्यांनी बेसनाचा कण चिमटीत धरून तिच्या तोंडाजवळ नेला.

जिनलनं चाखलं. "मीठ जास्त झालं."

"झाली का लगेच सुरू!" राजमतीबाई म्हणाल्या आणि परातीत मूठभर बेसन आणखी टाकलं.

सात वर बसला. या वेळी भरतकाम नाही, नुसता मार्कर. उसवलेल्या आकड्यांची भोकं तशीच दिसत होती. उरलेले दिवस राजमतीबाईंनी सरावाची जबाबदारी अंगावर घेतली. त्या पुस्तकातले आकडे मोठ्यानं वाचायच्या, आणि जिनलच्या हातांवर ओढणी टाकून ठेवायच्या, खाली बघू नये म्हणून. बोट चुकलं की बटणाला अडकून ओढणी वेडीवाकडी हलायची आणि त्या "चोरी!" म्हणून ओरडायच्या. पहिल्या दिवशी चोऱ्या फार झाल्या. दुसऱ्या दिवशी कमी झाल्या. संवत्सरीला निर्जळी उपास होता, तरी स्थानकात प्रतिक्रमणाला निघायच्या आधी त्यांनी पाच गणितं घेतलीच.

रविवारी पहाटे डबा खाली आला. अफ्रीनचा निरोप आलेला होता: पोचले, गेटवर उभी राहते. आंघोळीआधीच जिनलनं दूध काढून ठेवलं, तापाचं औषध दाखवलं, जिन्याच्या कड्या दाखवल्या, पुन्हा औषध दाखवलं. निर्वीला दिवसभर सोडून जायची ही पहिलीच वेळ होती.

"नमनले मीच वाढवलं ना वो?" राजमतीबाई म्हणाल्या. "का तोबी पार्सलनं आला होता?"

"आला असता तं तिकडच्या मालेगावले गेला असता," नथमलजी म्हणाले.

पातूरमार्गे अकोल्याच्या बसमध्ये नमनच्या शेजारी बसून जिनलनं अॅप उघडलं. टिक, टिक. डोळे मिटून आठ दाबला. उघडून पाहिलं तर आठच होता. तिनं फोन बंद करून त्याच्या हातात दिला. घरी किती वेळा फोन लावायचा ते मात्र त्याला बजावून ठेवलं.

गेटवर अफ्रीननं तिला मिठी मारली आणि पर्समधून कापडात गुंडाळलेलं यंत्र काढलं. "घे, माझं लेकरू आहे हे. तुझ्या निर्वीपेक्षा मोठं, पण रडत नाही. बिनधास्त दाब."

ते हातात घेताना जिनलला वाटलं होतं त्यापेक्षा जड लागलं. बटणं कडक होती. टिक आवाज येत नव्हता, पण बोटाखाली बटण खाली जाऊन परत वर आलेलं कळत होतं.

खोलीत ती तिसऱ्या रांगेत बसली. पर्यवेक्षक तरुण होता, घाईत होता. रांगेतून येता येता तो तिच्या बाकाजवळ थांबला आणि यंत्र उचललं.

"मॅडम, हे काय? कुठल्या काळातलं आहे? असलं काही चालणार नाही. साधा कॅल्क्युलेटर असेल तर ठेवा."

पुढच्या रांगेतली मुलं वळून पाहायला लागली. मागचीही. जिनलची जीभ टाळूला लागली. मान हलायला निघाली होती.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ते खाली ठेवा, सर. परीक्षेच्या नियमांमध्ये कुठले कॅल्क्युलेटर चालतात त्यांची नावं दिली आहेत. त्यात हे आहे. तुम्ही आधी पाहून या, मग घेऊन जा." आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. खोलीच्या शेवटच्या बाकापर्यंत तो गेला असणार.

पर्यवेक्षक गोरामोरा झाला. यंत्र त्यानं लगेच ठेवलं नाही. ते हातात घेऊनच टेबलापाशी गेला, कागद चाळले, बाहेर जाऊन कोणाला तरी विचारून आला. तेवढा वेळ जिनलनं नजर दारावरून काढली नाही.

तो परत आला. "ठीक आहे," म्हणाला, आणि यंत्र तिच्यापुढे ठेवलं. उलटं ठेवलं होतं. तिनं ते सरळ केलं.

घंटा झाली. पहिलं गणित एका घराच्या कर्जाचं होतं. जिनलनं कागदावरची नजर हलवली नाही. सात दाबायचा होता. बोट वर गेलं. मग शून्य, मग आणखी तीन बटणं, आणि पडद्यावर उत्तर आलं. ते दिलेल्या चार पर्यायांतल्या तिसऱ्याशी जुळलं. तिनं त्यावर खूण केली आणि दुसरं गणित वाचायला घेतलं.